मुलाकडे अमेरिकेला आलेल्या निवृत्तांसाठी जिओकॅशिंग: प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेला हिल्सबरो नावाचं शहर आहे. इंटेलमुळे तिथे मराठी घरं बरीच. आणि मराठी घरं आली की उन्हाळ्यात आई-बाबाही येतात. पहिला आठवडा झोपेची वेळ जुळवण्यात जातो, दुसरा कॉस्टको बघण्यात. तिसऱ्या आठवड्यापासून मुलगा आणि सून आपापल्या खोल्यांची दारं लावून मीटिंगमध्ये बसतात, नातू उन्हाळी शिबिराला जातो, आणि डिशवॉशरमध्ये ताटल्या कोणत्या बाजूने लावाव्यात हे सुनेला समजावून सांगायला बाबा मोकळे होतात. ही मार्गदर्शिका त्याच सुमारास वाचायला घ्यावी. शक्यतो सुनेनेच ती टेबलावर दिसेल अशी ठेवावी.

खेळ अगदी सोपा आहे. कुणा अनोळखी माणसाने एक डबा लपवलाय आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केलेत. तुम्ही तिथे जायचं, डबा शोधायचा, आतल्या कागदावर सही करायची, डबा होता तसा ठेवायचा आणि घरी यायचं. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, पेन्शनवर परिणाम नाही. हे सगळं खरोखर केलंत की नाही, हे बघायलाही सहसा कुणी येत नाही.

पूर्वपीठिका (जेवताना मुलाला ऐकवण्यापुरती)

जीपीएस ही मुळात अमेरिकी लष्कराची यंत्रणा. सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतात पूर्वी मुद्दाम चूक मिसळलेली असायची, त्यामुळे यंत्र शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवायचं. राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी १ मे २००० रोजी ही भेसळ बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि मध्यरात्रीनंतर जगभरची यंत्रं एकदम शहाणी झाली. चूक दहा-वीस मीटरवर आली.

याचा उपयोग शेतीला होईल, जहाजांना होईल, अशी चर्चा सुरू असतानाच डेव्ह अल्मर नावाच्या संगणकतज्ज्ञाने ३ मे रोजी पोर्टलंडच्या आग्नेयेला, बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली नेऊन ठेवली. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, व्हिडिओ, एक गलोल, शिजवलेल्या बीन्सचा एक डबा आणि नोंदीसाठी वही-पेन्सिल. मग त्याने जीपीएसवाल्यांच्या इंटरनेटवरच्या एका चर्चागटात जागेचे आकडे टाकले आणि नियम सांगितला: काही घ्या, काही ठेवा. दोन-तीन दिवसांत माइक टीग नावाच्या गृहस्थाने बादली शोधली आणि अशा जागांची यादी ठेवायला सुरुवात केली. त्याच महिन्यात मॅट स्टम याने खेळाला नाव सुचवलं. सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिशने ७५ डब्यांवर संकेतस्थळ सुरू केलं. आज जगभर तीस लाखांहून जास्त डबे आहेत.

म्हणजे या खेळाचं जन्मस्थान मुलाच्या घरापासून साधारण तासाभराच्या अंतरावर आहे. तिथे आता स्मृतिफलक आहे. एका शनिवारी मुलाला तिकडे गाडी काढायला लावणं हा तुमचा हक्क समजावा.

साहित्य

१. फोन. त्यात खेळाचं ॲप नातवाकडून घालून घ्यावं. नोंदणीसाठी टोपणनाव लागतं. त्यात ‘निवृत्त कार्यकारी अभियंता’ हे पद बसवण्याचा प्रयत्न करू नये.

२. पेन. डब्यात पेन्सिल असते, पण तिला टोक नसतं. सही हाच खेळाचा पुरावा, त्यामुळे पेन विसरणं म्हणजे पूर्ण फेरी वाया.

३. जवळचा चष्मा आणि भुवयांचा चिमटा. सगळ्यात छोटा डबा करंगळीच्या पेरापेक्षा लहान असतो. त्याला ‘नॅनो’ म्हणतात. आत कागदाची गुंडाळी असते. ती बाहेर काढणं सोपं, परत आत घालणं ही साधना आहे.

४. पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट आणि बूट. इथल्या रानात पॉइझन ओक उगवतो. त्याची पानं तीन-तीनच्या झुबक्यात असतात आणि त्यांना हात लागला की पुढचे दोन आठवडे खाजवण्यात जातात. शिवाय जिकडेतिकडे हिमालयन ब्लॅकबेरीचं काटेरी जाळं. नावावरून आपल्याकडची वाटली तरी ती मूळची आर्मेनिया-इराणकडची आहे. गाववाला म्हणून ती तुम्हाला सोडणार नाही.

५. सौभाग्यवती. कारण पुढे येईलच.

६. मंकी कॅप आणू नये. झुडपामागे वाकलेला, तोंड झाकलेला मनुष्य कोणत्याही देशात संशयास्पद दिसतो.

पहिला डबा शोधणे

प्रत्येक डब्याला दोन गुण दिलेले असतात: शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड. दोन्ही १ ते ५, मध्ये अर्धे-अर्धे. पोचायला १ म्हणजे चाकाची खुर्चीसुद्धा जाते. ५ म्हणजे दोर, होडी किंवा तत्सम खास सामान लागतं. राजगडावर तरुणपणी कितीदा गेला होता याचा इथे संबंध नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांचं शेवटचं वाक्य आठवावं आणि १-१ वाला निवडावा.

डब्यांचे प्रकारही आहेत. साध्या डब्याचे आकडे म्हणजेच डब्याची जागा. ‘मल्टी’मध्ये पहिल्या जागी दुसऱ्या जागेचा पत्ता मिळतो, सरकारी कामाचा अनुभव असणाऱ्यांना तो प्रकार लगेच कळतो. ‘मिस्टरी’मध्ये आधी कोडं सोडवायचं, तेव्हा खरे आकडे हाती येतात. नकाशावर कोड्याची खूण दिसते तिथे डबा नसतो. पहिल्या दिवशी तिथेच जाऊन दोन तास खणत बसणारे आढळतात. खणू तर कधीच नये. डबा जमिनीत पुरायला या खेळात सहसा मनाई असते.

आता फोनवरचा बाण धरून चालायला लागावं. वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवर फिरणारे उपग्रह तुम्हाला सांगत राहतील: ऐंशी मीटर, चाळीस, बारा, चार. इथे थांबून विजयी चेहरा करू नये, कारण लगेच सतरा येतं. उंच डग्लस फरच्या झाडांखाली संकेत अडखळतो. मोकळ्या आभाळाखालीही फोन चार-पाच मीटरच्या आतलं खात्रीने सांगत नाही. फोन हवेत हलवणं, त्याला फुंकर मारणं, ‘इथल्या नेटवर्कचं काही खरं नाही’ असं म्हणणं हे टप्पे प्रत्येकजण पार करतो. ते झाले की फोन खिशात ठेवावा. अब्जावधी डॉलरची यंत्रणा तुम्हाला झाडापर्यंत आणते. डबा झाडाच्या कुठल्या बाजूला आहे हे तिला ठाऊक नसतं.

इथून पुढे सौभाग्यवतींचं काम. पुरुष आकड्यांवर विश्वास ठेवून एकाच जागी गोल फिरतात. बायका वेगळा प्रश्न विचारतात: लपवणाऱ्याने इथे उभं राहून सगळ्यात आधी कुठे हात घातला असता? हीच या खेळाची मुख्य विद्या. जे निसर्ग करत नाही ते शोधावं. ओंडक्याच्या खाली काटक्या समांतर रचलेल्या दिसल्या, झाडाच्या सालीचा एक तुकडा दगडावर पालथा पडलेला दिसला, नेच्याच्या बुंध्याशी एकाच जागी माती तुडवलेली दिसली, की जवळ आलात. शहरात नेमके उलटे नियम: तिथे जे अगदी सरकारी दिसतं त्याच्यावर संशय घ्यावा. बाकाखालचा एक जास्तीचा बोल्ट, कुंपणाच्या खांबाचं सैल टोपण, आणि दुकानांच्या पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबाचा पत्र्याचा घेर. तो घेर वर उचलता येतो, हे अमेरिकेत जन्मलेल्या बहुतेक लोकांना आयुष्यभर कळत नाही. त्याच्या खाली फोटोच्या रिळाची जुनी डबी सापडते.

हात घालण्याआधी काठीने ढोसून बघावं. ऑरेगनमध्ये गोगलगायीची बिनशंखी भावंडं बोटभर लांब असतात आणि त्यांनाही ओंडक्याखालची जागा आवडते.

अगदीच काही जमेना तर ॲपमध्ये ‘इशारा’ असतो. तो पूर्वीपासून सांकेतिक भाषेत दिलेला असतो: इंग्रजीतलं प्रत्येक अक्षर तेरा जागा पुढे सरकवायचं, ‘ए’चा ‘एन’ करायचा. ॲपमध्ये बटण दाबलं की उलगडा होतो. तिथे बहुधा लिहिलेलं असतं: ‘झाडाजवळ’. आपण डग्लस फरच्या जंगलात उभे असतो.

लोकांच्या नजरेत न येणे

हा खेळ न खेळणाऱ्या सर्वांना खेळाडू ‘मगल’ म्हणतात. हा शब्द हॅरी पॉटरच्या कथांमधून उचललेला आहे. मगलांसमोर डबा काढायचा नाही, कारण त्यांना वाटतं कुणी कचरा टाकलाय आणि ते तो उचलून नेतात, किंवा कुणी बॉम्ब ठेवलाय असं वाटून पोलिसांना फोन करतात. दोन्ही गोष्टी झालेल्या आहेत.

त्यामुळे कुणी येताना दिसलं की काहीतरी नैसर्गिक कृती करावी. बुटाची नाडी बांधणं हा रूढ उपाय आहे, पण निवृत्त माणूस वाकला की धावत मदतीला येणारे अमेरिकन फार. त्यापेक्षा उभं राहून फोनवर बोलावं. मराठीत मोठ्याने बोललं की लोक आपोआप वाट सोडतात. पोलिस आलेच तर खरं सांगावं आणि फोनवरचं ॲप दाखवावं. इतक्या वर्षांत त्यांच्यातल्या पुष्कळांनी हा खेळ ऐकलेला असतो, काही खेळतातही.

डबा उघडल्यावर

आधी सही. ही कचेरीतल्या मस्टरवरच्या सहीसारखीच: सुवाच्य, वेळेवर, आणि पुढे कुणी वाचणार नाही हे माहीत असूनही नीट केलेली. टोपणनाव आणि तारीख पुरेशी आहे. तारखेत अमेरिकन आधी महिना लिहितात. पाच जुलै आणि सात मे यांचा घोळ टाळायचा तर महिना अक्षरात लिहावा.

डबा मोठा असेल तर आत वस्तू असतात: किल्लीचा छल्ला, प्लॅस्टिकचा डायनोसोर, गोटी. एखादी उचलायची तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची ठेवायची. यासाठी पुण्याहून निघतानाच सावंतवाडीची छोटी लाकडी फळं आणावीत. पन्नास पैशांची नाणीही चालतात; आपल्याकडे ज्यांना भिकारीही हात लावत नाहीत ती इथली मुलं मुठीत घट्ट धरून घरी नेतात.

खाण्याचं काहीही ठेवू नये. पुडी कितीही घट्ट बांधली तरी रॅकूनला वास येतो आणि तो डबा फोडतो. यावर कुणी पहिल्या बादलीतल्या बीन्सचा दाखला दिला तर सांगावं की तेव्हा नियम झालेले नव्हते. तो बीन्सचा डबा मात्र पुढे प्रसिद्ध झाला आणि खेळाडूंच्या मेळाव्यांना हजेरी लावू लागला. चकलीच्या नशिबी हे भाग्य येणार नाही.

क्रमांक कोरलेला धातूचा बिल्ला सापडला तर तो बक्षीस समजू नये. त्याला ‘ट्रॅव्हल बग’ म्हणतात. तो एका डब्यातून दुसऱ्या डब्यात फिरत असतो आणि त्याचा मालक घरी बसून त्याचा प्रवास बघत असतो. तुम्ही परतताना तो बारा हजार किलोमीटरवर भारतात नेलात तर मालक हरखून जाईल. फक्त आपल्याकडे डबे तुरळक आहेत, म्हणून तो ठेवायला कुठे जायचं ते निघण्याआधी बघून ठेवावं. कपाटात पासपोर्टशेजारी पडून राहिलेला बग हा प्रवास समजला जात नाही.

शेवटी झाकण लावायचं आणि डबा होता तिथेच, होता तसाच ठेवायचा. ‘मी असतो तर त्या खोडाच्या मागे लपवला असता’ ही सुधारणा करू नये. हवाबंद, झाकण घट्ट बसणारा, चारी बाजूंनी कड्या असलेला चांगला डबा जंगलात सोडून येणं आपल्या पिढीला जड जातं, हे मान्य आहे. सौभाग्यवतींना विशेष जपावं.

लपवणे

पुष्कळ डबे शोधून झाले की प्रत्येकाला आपण लपवावा असं वाटतं. हौस चांगली आहे. पण लपवणं ही मालकी आहे, आणि अमेरिकेत दुरुस्तीसुद्धा मालकालाच करावी लागते.

पहिली अडचण व्हिसाची. बाहेरगावी फिरायला आलेल्या माणसाने डबा लपवून निघून जायचं आणि पावसाने वही भिजली की हात वर करायचे, हे चालत नाही. जवळपास राहून देखभाल करणारं कुणीतरी दाखवावं लागतं. यासाठी नातवाला नेमावं. मुलाला नेमू नये. तो ‘या वीकेंडला बघतो’ म्हणेल.

दुसरी अडचण अंतराची. दोन डब्यांत किमान १६१ मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर लागतं. नकाशावर जागा मोकळी दिसली म्हणून खूश होऊ नये. तिथे कुठल्यातरी मिस्टरीचा खरा डबा किंवा मल्टीचा एखादा टप्पा असू शकतो, आणि तो नकाशावर दिसत नाही. प्रत्येक नवा डबा एक स्वयंसेवक तपासतो. तो कळवेल की इथे काहीतरी आहे, काय ते सांगता येत नाही. आयुष्यभर फायली हाताळलेल्या माणसाला ही भाषा परकी वाटू नये.

तिसरी गोष्ट डबा. श्रीखंडाचा डबा चालणार नाही. किती धुतला तरी वेलदोड्याचा वास राहतो आणि ऑरेगनच्या हिवाळी पावसात त्याचं झाकण टिकत नाही. लष्कराच्या जुन्या गोळ्यांच्या पत्र्याच्या पेट्या उत्तम, पण त्यांवर खेळाचं नाव ठळक लिहावं. न लिहिल्यास मागल्या प्रकरणातले पोलिस पुन्हा भेटतात.

चौथी गोष्ट परवानगी आणि जागा. जमिनीच्या मालकाची किंवा उद्यानाच्या कार्यालयाची संमती घ्यावी. शाळा, रेल्वेचे रूळ, पूल या जागा सोडाव्यात. मग एकच विचार करावा: डबा नसता तरी पाहुण्याला इथे आणलं असतं का? पोर्टलंडमधलं माउंट टेबर हे शहराच्या मधोमध असलेलं विझलेल्या ज्वालामुखीचं टेकाड आहे. तिथून सूर्यास्त दिसतो. पार्किंगमधल्या दिव्याच्या खांबावरून पार्किंग दिसतं. खेळाडू दोन्हीकडे जातात. आभार मात्र पहिल्याचे मानतात.

पाचवी गोष्ट वर्णन. डब्यासोबत जागेची माहिती लिहायची असते. ती अर्ध्या पानात आटोपावी. सातवाहनांपासून सुरुवात करण्याची गरज नाही, विशेषतः ऑरेगनमध्ये.

पुण्या-मुंबईला परतल्यावर लपवायचा असेल तर जास्त काळजी घ्यावी. आपल्याकडे रेल्वे स्टेशनवर दिवसभर बेवारस वस्तूंना हात लावू नका म्हणून सांगतात. अशा ठिकाणी डबा लपवणं म्हणजे बॉम्बशोधक पथकाला आमंत्रण. संरक्षित किल्ल्याच्या तटबंदीत दगड हलवून डबा घालणं हा गुन्हा ठरू शकतो. सुदैवाने एक प्रकार बिनडब्याचा आहे: ‘अर्थकॅश’. २००४ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या पुढाकाराने तो सुरू झाला. त्यात लोकांना एखादी भूवैज्ञानिक जागा दाखवायची, तिचा धडा लिहायचा आणि तिथे गेल्याशिवाय उत्तर देता येणार नाही असे प्रश्न विचारायचे. या प्रकारासाठी महाराष्ट्रासारखी भूमी नाही: निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे, लोणारचं विवर, अंधेरीची गिल्बर्ट हिल. आणि समोरच्याला धडा देऊन वर प्रश्न विचारायला निवृत्त मराठी माणसासारखा माणूस नाही.

शंका-समाधान

*एकाच डब्यावर रोज सही करता येईल का?* नाही. एक खेळाडू, एक डबा, एक नोंद. चालायला त्याच बागेत जावं, सहीला दुसऱ्या.

*नवा डबा सर्वांत आधी शोधणाऱ्याला काय मिळतं?* पहिला आल्याची नोंद. त्यासाठी लोक रात्री दोन वाजता टॉर्च घेऊन निघतात. तुम्ही निघू नका. घराचा अलार्म वाजेल.

*सही न करता घरबसल्या ‘सापडला’ लिहिलं तर?* लिहिता येतं. बहुतेक वेळा कुणी पकडतही नाही. मग मुलाकडे बसून पत्त्यांचा पेशन्स खेळा. त्यातही पानं बदलता येतात.

नवशिकेपण संपल्याची लक्षणे

पार्किंगमधून जाताना दिव्याच्या खांबाकडे नजर जाते, हे पहिलं लक्षण. जंगलातून येताना पिशवीत दुसऱ्यांनी टाकलेला कचरा असतो, हे दुसरं. खेळाडूंमध्ये ही जुनी पद्धत आहे. दुसऱ्याने लपवलेल्या डब्याची वही भिजलेली दिसली तर खिशातला कोरा कागद त्यात घालून येता, हे तिसरं.

चौथं लक्षण सगळ्यात उशिरा दिसतं. डबा सापडला नाही तर तसं नोंदवायचं असतं: ‘शोधला, सापडला नाही.’ लपवणाऱ्याला याच नोंदीचा खरा उपयोग. अशा दोन-तीन नोंदी लागोपाठ आल्या की त्याला कळतं, डबा गेलाय किंवा वाहून गेलाय, जाऊन बघायला हवं. नोंद न करता घरी गेलेले लोक त्याच्या उपयोगाचे नाहीत. तरी ही नोंद करणं आपल्याला जमत नाही. घरात किल्ल्या सापडल्या नाहीत की ‘कुणी हलवल्या?’ असं विचारत आपण चाळीस वर्षं काढलेली असतात, आणि किल्ल्या आपल्याच सदऱ्याच्या खिशात निघालेल्या असतात. म्हणून पहिल्या वर्षी नवशिके लिहितात: ‘सापडला नाही. आकडे चुकीचे वाटतात. झाडांमुळे संकेत नव्हता. शिवाय इशारा अपुरा आहे.’ दुसऱ्या वर्षी लिहितात: ‘सापडला नाही. बहुधा चोरीला गेला असावा.’ नेमका दुसऱ्या दिवशी कुणी नऊ वर्षांची मुलगी तोच डबा पाच मिनिटांत शोधते आणि तशी नोंद तुमच्या नोंदीच्या बरोब्बर वर झळकते.

ज्या दिवशी तुम्ही ‘सापडला नाही’ एवढेच दोन शब्द लिहून थांबाल, त्या दिवशी ही मार्गदर्शिका पुढच्या बाबांना द्यावी.